न हरवलेल्यांचा शोध

दर दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक मराठी घराच्या माळ्यावरून एक पितळी डबा खाली येतो. "अगंबाई, हा इथे होता होय!" असं घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतं. डबा चिंचेनं घासला जातो, दोन दिवस 'आताच्या भांड्यांना ही सर नाही' वगैरे बोलणी होतात, आणि तुळशीच्या लग्नाच्या आत डबा पुन्हा माळ्यावर जातो. पुढच्या दिवाळीला तो पुन्हा सापडतो. डबा बिचारा कुठेही गेलेला नसतो. पण सापडण्याचा आनंद इतका मोठा असतो की तो मधूनमधून हरवला असं धरून चालणं सगळ्यांच्याच सोयीचं पडतं.

गाणारी-वाजवणारी मंडळीही अशीच वरचेवर सापडत असतात. गेली काही वर्षं ही पाळी कॅनडाच्या 'रश' नावाच्या रॉक बँडवर आलेली आहे. २०२० सालापासून मी पाहतोय, जो तो उठतो आणि 'रश' शोधून काढतो. आणि शोधून काढल्यावर गप्प बसेल तो रसिक कसला! तो चारचौघांना गाठून सांगतो, "तुम्ही अठ्ठ्याहत्तर सालची तबकडी ऐकलीच पाहिजे." चारचौघं भिडस्त असतील तर ऐकतातही.

ज्यांनी हे नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी कुळकथा सांगतो. टोरांटोच्या उत्तरेला विलोडेल नावाचं उपनगर आहे. तिथल्या पोरांनी १९६८ साली हा बँड काढला. त्यातला गेडी ली मूळचा गॅरी. त्याची आई पोलंडहून आलेली; तिनं 'गॅरी' म्हणून मारलेली हाक तिच्या बोलण्याच्या वळणामुळे मित्रांना 'गेडी' अशी ऐकू येई. मित्रांनी तेच नाव लावलं आणि पुढे त्यानंही तेच कायम केलं. दुसरा ॲलेक्स लाइफसन. त्याचं मूळ सर्बियन आडनाव उच्चारताना कॅनडातल्या मास्तरांची जीभ बोळकांडीत सायकल अडकावी तशी अडकायची, म्हणून त्यानं आडनावाचं सरळ इंग्रजी भाषांतरच करून टाकलं. दोघंही परदेशातून आलेल्या घरांतले. तिसरा, ढोलताशांचा धनी, नील पिअर्ट. हा सेंट कॅथरिन्स गावचा. वडिलांच्या दुकानात शेतीयंत्रांचे सुटे भाग विकायचा. २९ जुलै १९७४ रोजी तो बँडमध्ये आला, त्या दिवशी गेडी लीचा एकविसावा वाढदिवस होता आणि अमेरिकेचा दौरा जेमतेम दोन आठवड्यांवर आला होता.

तिथपासून २०१५ पर्यंत, म्हणजे तब्बल एक्केचाळीस वर्षं, हेच तिघे एकत्र वाजवत राहिले. हा आकडा पुन्हा एकदा वाचा. आपल्याकडे तीन माणसांची गणेशोत्सव समिती एक्केचाळीस दिवस टिकत नाही. विसर्जनाच्या आधीच तिच्यात चार गट पडतात.

बरं, पहिली तबकडी निघाली तीही सुखासुखी नाही. कॅनडातली एकही कंपनी पुढे येईना, तेव्हा ती स्वतःच्या नावानं काढावी लागली. त्या वेळी कॅनडाच्या रेडिओवर तीस टक्के गाणी देशी वाजवलीच पाहिजेत असा सरकारी नियम होता, १९७१ पासूनचा. तरी यांचं भाग्य उजळलं ते सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला. तिथल्या रेडिओवर डोना हॅल्पर या बाईंनी 'वर्किंग मॅन' हे सात मिनिटांचं गाणं लावलं. क्लीव्हलंड पडलं कारखान्यांचं गाव. कामावर जाऊन घरी येणाऱ्या माणसाचं गाणं तिथल्या माणसांना आपलं वाटलं. पिकतं तिथे विकत नाही, हा नियम सरकारी नियमाहून जुना आहे.

आता या 'सापडवणाऱ्या' मंडळींकडे वळू. माझ्या पाहण्यात त्यांचे चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार परतलेल्यांचा. हे गृहस्थ सोळाव्या वर्षी कानाला हेडफोन लावून छताकडे बघत 'रश' ऐकायचे. मग नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलांच्या फिया. आता मुलं उडून गेली, हप्ते फिटले. आता ते तबकडीची चाळीस वर्षांच्या निमित्तानं काढलेली जाडजूड पेटी विकत घेतात. तीच गाणी त्यांच्याकडे एलपीवर आहेत, कॅसेटवर आहेत आणि सीडीवरही आहेत. एकाच गाण्याचे चौथ्यांदा पैसे मोजताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वाचवल्याचं समाधान असतं.

दुसरा प्रकार नवख्यांचा. यांचं वय वीस-बावीस. हे गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकतात आणि ऐकताना आपलं तोंड कसकसं होतं याचं चित्रीकरण करून जगाला दाखवतात. पूर्वी माणसं गायकाचा फोटो भिंतीवर लावायची. आता श्रोत्याचा लावतात. पण मी यांना हसणार नाही. ढोलांचा तो लोंढा अंगावर आल्यावर त्या पोरांचे डोळे खरोखरच विस्फारतात, आणि ते नाटक आहे असं मला कधी वाटलेलं नाही.

तिसरा प्रकार बायकांचा. 'रश'च्या जलशांबद्दल एक जुना विनोद आहे: जगात एवढ्या एकाच ठिकाणी पुरुषांच्या स्वच्छतागृहापुढे लांबच लांब रांग असते आणि बायकांच्या बाजूला शुकशुकाट. २०१० साली या बँडवर एक माहितीपट निघाला. नवऱ्याच्या आग्रहाखातर, हातात विणकाम घेऊन तो बघायला बसलेल्या कितीतरी बायकांना ही तीन माणसं, माणसं म्हणून आवडून गेली. गाणी नंतर. हा मार्ग उलटा असला तरी पोचवतो.

चौथा प्रकार अभ्यासकांचा. हे गाणं ऐकत नाहीत, मोजतात. पण 'रश'च्या बाबतीत मोजण्यातही गंमत आहे, म्हणून एक नमुना देतो. 'मूव्हिंग पिक्चर्स' या १९८१ च्या तबकडीवर 'वाय-वाय-झेड' नावाचं नुसत्या वाद्यांचं एक तुकडं आहे. वाय-वाय-झेड ही टोरांटोच्या विमानतळाची खूण. आपल्या सामानाच्या चिठ्ठीवर छापतात ती. तारायंत्राच्या कडकट्ट भाषेत ही तीन अक्षरं जशी वाजतील तशीच त्या तुकड्याची सुरुवात वाजते. लांब ठोक्याला दोन आणि आखूड ठोक्याला एक धरा. 'वाय' म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब, झाले सात. दोन 'वाय', चौदा. 'झेड' म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड, सहा. एकूण वीस, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मात्रेनं धरलं तर बरोबर दहा मात्रा. आपला झपताल! फक्त आपल्याकडे दोन-तीन-दोन-तीन असे खंड पडतात आणि तिथे साडेतीन-साडेतीन-तीन. एखाद्या जुन्या तबलजीला हा हिशेब सांगितला तर तो पान लावता लावता म्हणेल, "चालेल की, समेवर आलात म्हणजे झालं." ते समेवर येतात. दर वेळी.

आणि या हिशेबी तुकड्याचं पुढे काय झालं बघा. २००२ सालच्या नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये, रिओच्या माराकाना स्टेडियमवर, हे तुकडं सुरू झालं आणि हजारो लोक ते गाऊ लागले. ज्यात एक शब्द नाही ते गाणं! ध्वनिमुद्रणात ते स्पष्ट ऐकू येतं. जे मोजून बांधलं ते लोकांनी न मोजता गायलं. शास्त्र आणि भजन यांतलं भांडण असं कधीकधी परस्पर मिटतं.

पण टीकालेख लिहायला बसलोय तर नुसत्या आरत्या ओवाळून चालणार नाही. दोन-तीन गोष्टी ज्या हरवल्या तरी हरकत नव्हती त्याही सांगतो.

एक म्हणजे सत्तरच्या दशकातला गेडी लीचा आवाज. तो इतका उंच जातो की स्वयंपाकघरातली बाई उठून गॅस बंद करते. सवयीनं आवडतो हे खरं, पण सवयीनं कारलंही आवडतं. दुसरी गोष्ट, गाण्यांची लांबी. १९७५ ची त्यांची 'केरेस ऑफ स्टील' ही तबकडी सपशेल पडली, कंपनीनं तंबी दिली की आता छोटी, सोपी गाणी करा. यांनी पुढल्याच वर्षी '२११२' काढली आणि तिच्या पहिल्या बाजूवर एकच एक वीस मिनिटांचं, सात खंडांचं गाणं घातलं! बाणेदारपणाबद्दल पूर्ण मार्क, आणि तबकडी चाललीही. पण त्या गाण्यातली कथा, म्हणजे भविष्यकाळातलं राज्य, संगीताला बंदी करणारे पुजारी आणि गिटार सापडलेला एकटा तरुण, ही ऐकताना चांदोबा वाचल्यासारखं होतं. वाजवणं मोठ्या माणसांचं आणि गोष्ट लहान मुलांची.

त्या तबकडीवर पिअर्टनं लेखिका आयन रँडचे जाहीर आभार मानले. रँडबाई आपल्याकडेही कमी वाचल्या गेलेल्या नाहीत. 'फाउंटनहेड' वाचून झाल्यावर सहा महिने वडिलांशी न बोललेले कॉलेजकुमार आपल्या प्रत्येकाच्या माहितीत आहेत. (जेवायला मात्र घरीच असत.) एकट्या थोर माणसापुढे सारा समाज तुच्छ, हे तत्त्वज्ञान वयाच्या विशीत गोवरासारखं येतं आणि बहुतेकांचं गोवरासारखंच जातं. पिअर्ट तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पण याची किंमत बँडला मोजावी लागली. १९७८ साली लंडनच्या एका संगीत-साप्ताहिकानं यांच्यावर जवळजवळ फॅसिस्टपणाचा शिक्का मारला. आणि बँडचा गायक कोण? ज्याचे आईवडील दोघंही आउश्वित्झच्या छळछावणीतून जिवंत परतले, तो गेडी ली.

इथेच मला या सगळ्या सापडासापडीतली खरी गोष्ट सापडते, असं म्हणायचं आहे.

१९८२ ते १९८७ या काळात 'रश'नं सिंथेसायझरची कास धरली. जुन्या भक्तांनी नाकं मुरडली. खुद्द लाइफसनलाही आपली गिटार त्या पेट्यांच्या आवाजाखाली गाडली जातेय म्हणून राग होता. 'सिग्नल्स', 'ग्रेस अंडर प्रेशर', 'पॉवर विंडोज', 'होल्ड युअर फायर' या चार तबकड्या भक्तांनी वर्षानुवर्षं सावत्र पोरांसारख्या वागवल्या. आता त्याच पुन्हा ऐकल्या जातायत, आणि लोक म्हणतायत की अरे, हे तर बरं होतं! शेवटची 'होल्ड युअर फायर' माझ्या मते अजूनही श्रीखंडात साखर जास्त झाल्यासारखी आहे. पण पहिल्या दोन खरोखर मोलाच्या आहेत. 'सिग्नल्स'मधलं 'सबडिव्हिजन्स' घ्या. एकसारख्या घरांची उपनगरी वस्ती आणि तिथे चारचौघांसारखं नसलेल्या पोराची होणारी कोंडी. पुजारी नाहीत, भविष्यकाळ नाही, शेजारपाजार आहे. ज्यानं कॉलनीत लहानपण काढलंय आणि क्रिकेट येत नसल्यामुळे ज्याला कायम चेंडू आणायला पाठवलं गेलंय, त्याला या गाण्याचं भाषांतर लागत नाही.

आणि 'ग्रेस अंडर प्रेशर'वरचं, १९८४ चं 'रेड सेक्टर ए'. गेडी लीच्या आईनं त्याला सांगितलेली एक आठवण या गाण्यामागे आहे. १९४५ साली बर्गन-बेल्सनची छावणी मुक्त झाली, तेव्हा आत असलेल्या तिला ते खरंच वाटेना. तिची समजूत अशी की बाहेरचं जग कधीच संपलेलं असणार. कारण जग शिल्लक असतं तर त्यानं हे असं होऊ दिलं नसतं. हे मुलानं मित्राला सांगितलं आणि मित्रानं, म्हणजे पिअर्टनं, ते लिहिलं. आठ वर्षांपूर्वी एकट्या माणसाचा पोवाडा लिहिणारा हाच तो ढोलवाला, आता मित्राच्या आईचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडतोय. रँडबाई इथे कुठल्या कुठे राहिल्या. गेडी ली हा रॉकमधल्या नामांकित बासवादकांपैकी एक. या गाण्यात तो बास हातीच घेत नाही. बासच्या जागी सिंथेसायझर, खाली ढोलांची थंड, न थांबणारी चाल, आणि वर तो आवाज. मघाशी मी ज्या आवाजाची कुकरशी गाठ घातली तो इथे खाली उतरलेला आहे, आणि ऐकवत नाही इतका साधा आहे. भक्त तेव्हा 'गिटार कमी झाली' म्हणून कुरकुरत होते. आईबद्दल बोलताना मुलगा आवाज खाली आणतो, एवढीच ती गोष्ट होती.

दुसरी सापडलेली चीज म्हणजे यांचा विनोद. वर्षानुवर्षं समीक्षकांनी यांना गंभीर, पुस्तकी, रुक्ष ठरवलं होतं. प्रत्यक्षात काय, तर गेडी लीच्या बासचा आवाज थेट ध्वनियंत्रणेत जाऊ लागल्यावर त्याच्या मागची मोठ्या खोक्यांची भिंत गेली आणि रंगमंचाची ती बाजू ओकीबोकी दिसू लागली. तेव्हा या गृहस्थानं २००२ च्या दौऱ्यात तिथे कपडे वाळवायची यंत्रं मांडली. ती कार्यक्रमभर फिरत! पुढे २००७ च्या दौऱ्यात कोंबड्या भाजायची कपाटं आली, आणि ऐन गाण्यात आचाऱ्याची टोपी घातलेला माणूस येऊन कोंबड्यांची विचारपूस करून जाई. २०१३ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं, बरीच वर्षं ताटकळत ठेवून, यांना एकदाचं आत घेतलं. लाइफसन भाषणाला उभा राहिला आणि 'ब्ला ब्ला ब्ला' या एकाच शब्दात, हातवाऱ्यांसह, त्यानं अख्खं भाषण केलं. मी साहित्य संमेलनांची पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. एवढं नेमकं एकही नव्हतं.

तिसरी गोष्ट हसण्याची नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पिअर्टची एकुलती एक तरुण मुलगी मोटार-अपघातात गेली. दहा महिन्यांनी बायको कर्करोगानं गेली. त्यानं मित्रांना सांगितलं, मी आता निवृत्त झालो असं समजा. मोटारसायकल काढली आणि सुमारे अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर एकटा हिंडला. मित्रांनी दुसरा ढोलवाला शोधला नाही, नुसते थांबले. २००२ साली 'व्हेपर ट्रेल्स' घेऊन तिघे परत आले. ती तबकडी इतक्या चढ्या आवाजात बनवली होती की ऐकताना कान फाटत. २०१३ मध्ये तिचं नव्यानं मिश्रण करून ती पुन्हा काढली, तेव्हा लोकांना तिच्यातली गाणी ऐकू आली. दुःखावर साचलेला गोंगाट खाली बसायला अकरा वर्षं लागली, असं म्हणायचा मोह होतो. पण तसं म्हणणं म्हणजे ध्वनिमुद्रकाच्या चुकीला तत्त्वज्ञान चिकटवणं. तेव्हा राहू द्या.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, चाळिशी उलटलेली, जगातल्या पहिल्या दोन-चार ढोलवादकांत गणना होत असलेली, आणि हा पिअर्ट फ्रेडी ग्रुबर नावाच्या म्हाताऱ्या गुरूकडे शिकायला गेला. काठी कशी धरायची इथपासून. ज्याला बाकीचे शोधत होते तो स्वतःच स्वतःचा हात नव्यानं शोधत होता! आपल्याकडे एखाद्याला तालुका पातळीवरचं पदक मिळालं की तो गुरूला रस्त्यात ओळख देत नाही.

२०१५ च्या शेवटच्या दौऱ्यात त्यांनी गाणी उलट्या क्रमानं वाजवली. नवीपासून सुरुवात आणि मागे मागे जात १९७४ पर्यंत. मागचा देखावाही हळूहळू लहान होत जाई. शेवटी शाळेची व्यायामशाळा आणि खुर्च्यांवर ठेवलेले दोन जुने ॲम्प्लिफायर. १ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये शेवटचं गाणं संपलं आणि पिअर्ट, जो कधी ढोलांच्या पुढे येत नसे, तो उठून पुढे आला आणि दोघांच्या गळ्यात पडला. ७ जानेवारी २०२० रोजी तो मेंदूच्या कर्करोगानं गेला. साडेतीन वर्षं तो आजारी होता आणि मित्रांनी कुठे चकार शब्द काढला नाही. गाणाऱ्या माणसांना गप्प बसता येणं ही फार वरची विद्या आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उरलेल्या दोघांनी जाहीर केलं की २०२६ मध्ये आपण पुन्हा दौऱ्यावर निघणार, आणि ढोलांवर असेल जर्मनीची ॲनिका निलेस. पिअर्टच्या घरच्यांनी शुभेच्छा दिल्या. लगेच भक्तांत दोन तट पडले. पिअर्टशिवाय 'रश' म्हणजे विठोबाशिवाय पंढरपूर, असं एका तटाचं म्हणणं. मला विचाराल तर सत्तरी ओलांडलेले हे दोन शाळासोबती घरी बसून जुन्या तबकड्या पुसत बसण्यापेक्षा, मित्रानं बांधलेल्या मात्रा पुन्हा मोजायला निघालेत, यात विटाळ कसला? उलट, त्या अवघड जागा वाजवायला दुसरं कुणी बसलं की मगच गेलेल्या माणसानं काय करून ठेवलं होतं ते नीट ऐकू येतं. गुरू गेल्यावर शिष्याच्या गाण्यात तो जास्त ओळखू येतो, हे आपल्याला घराण्यांनी पूर्वीच शिकवलेलं आहे.

शिवाय ढोलांवर आता एक बाई बसणार. तेव्हा स्वच्छतागृहांपुढच्या त्या एकतर्फी रांगेचाही यानिमित्तानं काही निकाल लागला, तर एवढ्या सगळ्या शोधाशोधीचं सार्थक झालं असं मी समजेन.